चित्रांचा बोलपट आणि बालप्रेक्षक

शाळेच्या वरच्या वर्गांत गेलेला विद्यार्थी ज्या कांहीं गोष्टी मोठ्या घाईनें टाकून देतो, त्यांत 'कार्टून' पाहणें ही एक होय. आठवी-नववींतील मुलगा धाकट्या भावंडांबरोबर असा चित्रपट पाहावयास जाणें कमीपणाचें मानतो. आणि घरच्यांच्या आग्रहास्तव गेलाच, तर परत येतांना त्याच्या तोंडीं दोन तक्रारी असतात. एक, चित्रपट बाळबोध होता. दुसरी, लहान मुलांनीं इतका गलबला केला कीं, धड कांहीं ऐकूं आलें नाहीं. या दोन तक्रारींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आमच्या मतें पहिली तक्रार माहितीच्या अभावीं केली जाते. आणि दुसरी तक्रार ज्या गोष्टीविषयीं आहे, तीच त्या ठिकाणीं सर्वांत लक्ष देऊन पाहण्यासारखी गोष्ट आहे.

प्रथम असा चित्रपट तयार होतो कसा, तें पाहूं. मुलें ज्यास 'कार्टून' म्हणतात, त्या कलेचें नांव ॲनिमेशन. लॅटिन भाषेंत 'ॲनिमा' म्हणजे प्राण. तेव्हां निर्जीव चित्रांत प्राण घालणें, असा या शब्दाचा अर्थ. चित्रपटांत दर सेकंदास २४ स्थिर चित्रें आपल्या डोळ्यांपुढून जातात. पहिल्या चित्रापेक्षां दुसऱ्यांत पात्राचा हात केसभर वर असला, तर मधला भेद आपला मेंदू जोडून घेतो व हात हलला, असें आपणांस दिसतें. नटनटींच्या चित्रपटांत हीं चित्रें कॅमेरा टिपतो. येथें तीं माणसास घडवावीं लागतात. दीड तासाचा चित्रपट धरला, तर ५,४०० सेकंदांचीं १,२९,६०० चित्रें होतात. प्रत्येक चित्र दोनदां दाखवून श्रम निम्मे करण्याची युक्ति हातानें चित्रें काढणाऱ्यांनीं पुष्कळ वापरली. तरीहि ६४,८०० चित्रें उरतातच. पात्र पारदर्शक सेल्युलॉइडवर रंगवावयाचें व मागील देखावा निराळा ठेवावयाचा, या रीतीनें पूर्वीं काम चाले. अमेरिकेंतील वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट' हा चित्रपट १९३७ सालीं याच रीतीनें झाला. १९९५ सालीं 'टॉय स्टोरी' हा पूर्ण लांबीचा चित्रपट सर्वस्वी संगणकावर तयार झाला आणि तेव्हांपासून पेन्सिलीची जागा हळूहळू संगणकानें घेतली. परंतु अमुक क्षणीं पात्राची भुवई वर जावी कीं खालीं, हें कोणास तरी ठरवावें लागतें, तें आजहि चुकलेलें नाहीं. ज्या कामांत एका सेकंदाच्या हालचालीसाठीं एवढा खटाटोप करावा लागतो, त्यास केवळ मुलांसाठीं आहे म्हणून बाळबोध म्हणणें न्यायाचें नाहीं.

पडद्यावरील चित्रांचे खेळ आपल्या प्रांतास नवे नाहींत. आणि त्यांचा एक महत्त्वाचा दुवा तर आमच्या कल्याण शहराशींच जोडलेला आहे. तो समजण्यासाठीं आधीं थोडें कोंकणांत गेलें पाहिजे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळी या गांवीं ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं रंगविलेलीं चित्रें एकामागून एक श्रोत्यांपुढें धरून कथा गाऊन सांगत आले आहेत. चित्र जागचें हलत नाहीं. पण सांगणाराच्या आवाजानें तें हलल्याचा भास होतो. या कलेची जोपासना करणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री हा किताब मिळाला. आतां कल्याणकडे वळूं. १९ व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र यांनीं 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नांवाचा खेळ सुरू केला. शांबरी म्हणजे माया. आणि ज्यास इंग्रज लोक मॅजिक लँटर्न म्हणत, त्या जादूच्या दिव्याचें हें देशी बारसें होतें. कांचेवर हातानें रंगविलेलीं पात्रें दिव्याच्या उजेडानें मोठीं होऊन पडद्यावर उमटत. एकाच पात्राच्या निरनिराळ्या स्थितींचीं चित्रें पाठोपाठ दाखवून त्यास हालचाल दिली जाई. आणि निवेदन, संवाद व गाणीं यांची जोड माणसें स्वतःच्या मुखानें देत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिये बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजीं झाला. त्यापूर्वींच पडद्यावर हलणारीं चित्रें कल्याणांत जन्मास आलीं होतीं.

पुढील इतिहास थोडक्यांत असा. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला आणि १९१५ सालीं 'आगकाड्यांची मौज' हा लहानसा चित्रपट केला. आगकाडी किंचित् सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचें, पुन्हां सरकवावयाची, असा तो धीराचा उद्योग. १९३४ सालीं पुण्यांत प्रभात फिल्म कंपनीनें 'जंबूकाका' हें व्यंगचित्रांचें छोटें चित्र काढलें. स्वातंत्र्यानंतर मुंबईंत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें कार्टून-विभाग निघाला. १९५६ सालीं डिस्ने यांच्या चित्रशाळेंत काम केलेले क्लेअर वीक्स यांनीं येथील तरुणांस धडे दिले, व त्या तरुणांत पुढें या कलेचे भारतांतील धुरीण ठरलेले राम मोहन हे होते. विजया मुळे यांचें 'एक, अनेक और एकता' हें १९७४ सालचें चित्र तर दूरदर्शनमुळें घरोघरीं पोहोंचलें. २००५ सालीं व्ही. जी. सामंत यांनीं दिग्दर्शित केलेला 'हनुमान' चित्रपटगृहांत लागला, आणि २५ जुलै २०२५ रोजीं लागलेल्या अश्विन कुमार यांच्या 'महावतार नरसिंह' या चित्रपटानें मुलाबाळांसह कुटुंबेंच्या कुटुंबें चित्रपटगृहाकडे ओढलीं.

या सर्व वाटचालींत एक गोष्ट मात्र गळून पडली, ती म्हणजे समोर उभा असलेला सांगणारा. चित्रकथ्यास अथवा खरोलिकेच्या निवेदकास प्रेक्षक दिसत असत. पुढें बसलेलें पोर गोंधळलें, तर वाक्य पुन्हां म्हणतां येई. भ्यालें, तर आवाज मऊ करतां येई. बोलपट कोणासाठीं थांबत नाहीं. तो मुंबईस चालतो त्याच गतीनें मुरबाडास चालतो, आणि चाळीस वर्षांच्या गृहस्थास सांगतो त्याच शब्दांनीं चार वर्षांच्या बालकास सांगतो. सांगणारा गेला, पण त्याची गरज गेली नाहीं. मग त्याची जागा कोणीं घेतली? याचें उत्तर लहान मुलांनीं भरलेल्या चित्रपटगृहांतच मिळतें.

'महावतार नरसिंह' चालू असतांना ठाण्यांतील एका चित्रपटगृहांत सुटीच्या दिवशीं आम्ही मुद्दाम मागील बाजूस बसलों, आणि पडद्याइतकेंच लक्ष पुढच्या रांगांकडे ठेविलें. प्रथम तो सगळा एकच कोलाहल वाटला. पंधरा-वीस मिनिटांनीं त्यांतील निरनिराळे आवाज वेगळे ओळखूं येऊं लागले. दिवे मालवतांच उठला तो एक आरोळीचा आवाज. त्यांत भीति थोडी व हर्ष फार. दुसरा आवाज हंशाचा. तो एका कोपऱ्यांत सुरू होऊन वाऱ्यानें पिकावर लाट यावी तसा रांगांवरून सरकत असे, आणि ज्यांस विनोद कळला नव्हता तीं मुलेंहि शेवटीं त्यांत सामील होत. तिसरा प्रकार पात्रांस इशारा देण्याचा. प्रल्हादावर संकट आलें कीं, चार-दोन बालकंठ त्यास सावध करूं पाहत. आणि चौथा आवाज सर्वांत हलका, परंतु सर्वांत अखंड होता. तो कुजबुजीचा. "ताई, आतां तो जळणार का गं?" "नाहीं जळणार, बघ तूं." "तो राक्षस त्याचा बाबा आहे?" "हो, पण तो वाईट बाबा आहे." चित्रपट हिंदींत चालला होता, आणि त्याच्या अंगाखालून मराठींत दुसरा चित्रपट चालला होता. कल्याण-डोंबिवलीकडे गेलें, तर या कुजबुजीला आणखी भाषा मिळतात. डोंबिवलींत दक्षिणेकडील कुटुंबें पुष्कळ, कल्याणच्या शेजारीं उल्हासनगरांत सिंधी वस्ती मोठी, गुजराती व उत्तर भारतीय मंडळी सर्वत्र. पडद्यावर एक भाषा, आणि खुर्च्यांमधून आठ भाषा. कथेकऱ्याची जागा कोणीं घेतली, तें येथें कळतें. ती शेजारीं बसलेल्या ताईनें, दादानें, आईनें, आजोबांनीं घेतली आहे.

ही आमची केवळ भाविक कल्पना नव्हे. शास्त्राचाहि तिला आधार आहे. हंसणें हें मूलतः संगतीचें कार्य आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं असें दाखवून दिलें कीं, माणूस अगदीं एकटा असतां जितका हंसतो, त्याच्या सुमारें ३० पट अधिक तो इतरांच्या सहवासांत हंसतो. आमच्या विषयास अधिक जवळचा प्रयोग इंग्लंडांत झाला व तो २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. कॅस्पर ॲडिमन व त्यांचे सहकारी यांनीं अडीच ते चार वर्षें वयाच्या २० मुलांस गमतीचीं कार्टूनें दाखविलीं. कधीं एकेकट्यानें, कधीं दोघांच्या जोडीनें, कधीं लहान घोळक्यांत. सोबत असतां मुलें एकटेपणाच्या सुमारें आठपट हंसलीं. यांतील दोन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, एकट्यानें पाहिलेलें चित्र मुलांनीं कमी गमतीचें ठरविलें नाहीं. गंमत त्यांस तितकीच वाटली, पण हंसणें बाहेर आलें नाहीं. कारण हंसणें हें कोणास तरी द्यावयाचें असतें. दुसरी गोष्ट अशी कीं, एक सोबती असो वा घोळका असो, हंसण्यांत मोठा फरक पडला नाहीं. म्हणजे तीनशें खुर्च्यांचें सभागृह नसलें तरी चालेल. शेजारची एक खुर्ची मात्र रिकामी असतां उपयोगी नाहीं.

जें हंसण्याचें, तेंच भीतीचें. अनोळखी वस्तु पुढें आली, तर रांगतें मूलहि आधीं आईच्या तोंडाकडे पाहतें आणि तिच्या मुद्रेवरून आपण घाबरावें कीं नाहीं, हें ठरवितें, असें बालमानसशास्त्रज्ञांचें निरीक्षण आहे. चित्रपटगृहांत हेंच घडतें. खांब दुभंगून नरसिंह प्रकट होण्याचा प्रसंग आला, तेव्हां पुढच्या रांगांतील कित्येक लहानग्यांचीं डोकीं पडद्याकडून फिरून शेजारच्या चेहऱ्याकडे वळलीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. ज्यांस तेथें शांत चेहरा दिसला, तीं पुन्हां पडद्याकडे वळलीं. ज्यांस मोबाइलच्या निळसर उजेडांत वांकलेलें कपाळ दिसलें, त्यांतील एक-दोन रडूं लागलीं. भीति ही मुलास सर्वस्वीं टाळावयाची वस्तु नाहीं. सुरक्षित जागीं, ओळखीच्या माणसाचा हात धरून, थोडेंसें भ्यावें आणि शेवटीं सुखरूप बाहेर यावें, हें शिक्षणच आहे. आपल्या आज्यांनीं राक्षसांच्या गोष्टी सांगतांना हेंच केलें. परंतु हात धरावयास कोणी नसेल, तर शिक्षणाची शिक्षा होते. म्हणून वयाचाहि विचार हवा. चित्रपटांस प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्रीय मंडळानें २०२४ सालीं 'यूए' या प्रमाणपत्राचे ७, १३ व १६ वर्षांवरील असे तीन भाग केले आहेत; तिकीट काढण्यापूर्वीं तेवढें चिन्ह पाहून घेण्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, मग चित्रपटगृहांत सभ्यतेचे नियम नकोतच काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. पुढील खुर्चीस लाथा मारणें, वाटेंतून धांवणें, मोबाइलवर मोठ्यानें संभाषण करणें, हीं कृत्यें वाईट खरींच. पण यांतील शेवटचें, व सर्वांत त्रासदायक, मुलें करीत नाहींत. चित्राशीं जोडलेला आवाज आणि चित्राकडे पाठ फिरविणारा आवाज, हा भेद ध्यानीं धरावा. विचारणें, हंसणें, दचकणें, टाळ्या पिटणें हे पहिल्या जातीचे आवाज होत. मूल हे आवाज करतें, कारण तें चित्र खरें मानीत आहे. ज्या चित्रकारांनीं लाखभर चित्रें घडविलीं, त्यांनीं तीं निर्जीवच दिलीं होतीं. त्यांत प्राण घालण्याचें शेवटचें काम हा विश्वास करतो. त्या दृष्टीनें पाहतां, ज्या सभागृहांत मुलें अगदीं गप्प बसलीं आहेत, त्या सभागृहांत चित्रपटच कोठें तरी चुकला आहे, असें समजावें.

आतां जी गोष्ट आम्हांस सर्वांत चिंतेची वाटते, तिच्याकडे वळूं. ठाण्याच्या गणेश व अशोक टॉकीजचीं किंवा डोंबिवलीच्या टिळक टॉकीजचें नांव काढलें कीं, वडील मंडळींच्या चेहऱ्यावर कांहीं निराळेंच उमटतें. एका पडद्याच्या अशा टॉकीजांत स्वस्त तिकिटाचा वर्ग असे, आणि हमालाचें पोर व वकिलाचें पोर एकाच अंधारांत एकाच विनोदास हंसत. पुढें चित्रपटगृहें मॉलमध्यें गेलीं. २०१३ सालीं ठाण्यांत विवियाना मॉल उघडला व तेथें एकाच छपराखालीं १४ पडदे झाले. डोंबिवलीच्या पलीकडे पलावा वसाहतींतहि मॉलांतील चित्रपटगृह आलें. खुर्च्या मऊ झाल्या, आवाज स्वच्छ झाला, आणि प्रवेशाचा खर्च वाढला. चौघांच्या कुटुंबास तिकिटें, रिक्षा आणि मध्यंतरांतील पॉपकॉर्न यांची बेरीज करतां आधीं महिन्याचा हिशेब पाहावा लागतो. परिणामीं पुष्कळ घरीं निर्णय असा होतो कीं, तेंच कार्टून मोबाइलवर दिसतें, मग जावयाचें कशास? आणि मूल कोपऱ्यांत बसून, कानांत यंत्र घालून, एकटेंच तें पाहतें. चित्र तेंच, गोष्ट तीच. पण "आतां तो जळणार का?" हें विचारावयास शेजारीं कोणी नाहीं. विचारणें थांबलें कीं, सांगणेंहि थांबतें. आणि परकी भाषा ऐकून ती आपल्या भाषेंत समजावून घेण्याची जी संवय चित्रपटगृहाच्या अंधारांत नकळत लागत होती, तीहि लागत नाहीं.

तिकिटांचे दर उतरविणें विद्यार्थ्यांच्या हातीं नाहीं, व बंद झालेलीं टॉकीजें उघडणेंहि नाहीं. पण शेजारची खुर्ची त्यांच्या हातीं आहे. आणि वर सांगितलेल्या प्रयोगानें दाखविलें आहे कीं, पुष्कळसें काम तेवढ्यानें भागतें. म्हणून आमच्या वरच्या वर्गांतील वाचकांस आम्ही कांहीं सूचना करूं इच्छितों. धाकट्या भावंडास चित्रपटास न्यावयाची पाळी आली, तर ती शिक्षा मानूं नये. निघण्यापूर्वीं गोष्टीचा आरंभ चार वाक्यांत सांगावा. शेवट सांगूं नये. पडद्यावर अंधार दाटूं लागला कीं, लहानग्याचा हात शोधावा लागूं नये इतका आपला हात जवळ ठेवावा. प्रश्न आला, तर "गप्प बैस" असें न म्हणतां, त्याच्याच भाषेंत, हलक्या आवाजांत, एका वाक्याचें उत्तर द्यावें. दोन वाक्यें दिलीं, तर तिसऱ्या खुर्चीवरील गृहस्थाची तक्रार खरी ठरेल. परततांना गाडींत गोष्ट त्याच्याकडून वदवून घ्यावी. जाणें परवडत नसेल, तर मोबाइलच्या चार बोटें रुंद पडद्यापुढेंहि दोघांनीं मिळून बसावें. एकट्यास तो देऊन मोकळें होऊं नये. आणि शक्य असेल तेव्हां, आपल्या चाळींतील अथवा इमारतींतील ज्या मुलास नेणारें कोणी नाहीं, त्याचें एक तिकीट वर्षांतून एकदां आपल्या खाऊच्या पैशांतून काढावें.

कल्याणच्या पटवर्धनांनीं कांचेवर चित्रें रंगविलीं, पण नुसतीं चित्रें दाखवून ते थांबले नाहींत. शेजारीं माणसाचा आवाज ठेवला. तो आवाज यंत्राला देतां येत नाहीं, कारण यंत्रास समोरचें मूल दिसत नाहीं. तें ज्यास दिसतें, तो बहुधा त्याच्याच घरांतला, त्याच्याहून सात-आठ वर्षांनीं मोठा, असा कोणी असतो. आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें वय आज तेंच आहे.